वाळू चिखल्या ओळखताना: तिथीपासून नोंदीपर्यंत

समुद्रकाठावर पक्षी बघायला पहिल्यांदा गेलेला माणूस बहुतेक वेळा वैतागून परततो. जंगलात निदान रंग तरी असतात. इथे समोर दोन-तीनशे पक्षी, सगळे मातकट पाठीचे, पांढऱ्या पोटाचे, आणि पुस्तक उघडावं तर त्यात एकसारखी दिसणारी वीस चित्रं. त्यात भर म्हणजे पुस्तकातलं नाव एक, मोबाईलच्या ॲपमधलं दुसरं, आणि सोबतचा जुना जाणकार तिसरंच काही म्हणतो.

या गर्दीतला एकच पक्षी धरून हा लेख लिहिला आहे: वाळू चिखल्या, म्हणजे सँड प्लोव्हर. हाच निवडण्याचं कारण सोपं आहे. हिवाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तो हमखास आणि भरपूर दिसतो. शिवाय गेल्या काही वर्षांत त्याच्या वर्गीकरणात जेवढी उलथापालथ झाली, तेवढी आपल्या काठावरच्या फार थोड्या पक्ष्यांच्या वाट्याला आली असेल. हा एक नीट समजला की बाकीचे काठपक्षी कसे बघायचे, ते आपोआप सुचत जातं.

पायरी १: आधी तिथी बघा

दुर्बीण नंतर. काठपक्षी घड्याळावर चालत नाहीत, भरती-ओहोटीवर चालतात. पूर्ण ओहोटीला गेलात तर पक्षी अर्धा-पाऊण किलोमीटर आत, चिखलाच्या पार कडेला असतात आणि उन्हाच्या लाटांत नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला गेलात तर चरायची जागाच पाण्याखाली असते. भरतीच्या सुमारे दोन तास आधी जाऊन थांबावं. पाणी चढत येतं आणि पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं. तुम्ही फक्त जागचं हलायचं नाही.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळे निघायच्या आधी भरतीचं अधिकृत वेळापत्रक बघावंच. पण रविवारी जाण्यात अर्थ आहे की नाही, हे घरच्या कालनिर्णयावरून दोन दिवस आधीच कळतं. षष्ठीला भरती पहाटे साडेचारला होऊन जाते. तुम्ही सकाळी आठला पोचता तोवर पाणी लांब गेलेलं असतं आणि पक्षीही त्याच्या मागे. नवमी ते द्वादशी या सकाळी मात्र सोन्याच्या. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी खूप वर येतं आणि पक्षी कोरड्या वाळूच्या एखाद्या पट्ट्यावर गर्दी करून बसतात. मोजणीसाठी ते दिवस चांगले.

पायरी २: ऊन पाठीशी घ्या

मातकट पक्ष्याच्या बाबतीत प्रकाशाची दिशा म्हणजे अर्धी ओळख. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पुळणीवर, म्हणजे अलिबागजवळची आक्षी असो की गोव्यातलं मोरजी, सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असतं. मुंबईत शिवडीला उलटं होतं. शिवडीचा चिखल शहराच्या पूर्व बाजूला आहे. सकाळी तिथे गेलात तर सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि प्रत्येक पक्षी काळा दिसतो, म्हणून शिवडीला दुपार कलल्यावरची भरती शोधावी. त्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर ऐरोली आहे. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सकाळी पश्चिमेकडे छान दिसतं, बोटही मिळते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला. नाव फ्लेमिंगोचं असलं तरी त्या गुलाबी गर्दीच्या पायाशी जे बारके पळत असतात, त्यांतच आपला पक्षी सापडतो.

सामानात आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावर ठेवायची मोठी दुर्बीण, कुणाकडे असेल तर त्याच्याशी मैत्री करावी. चिखलात उतरू नये. वरून घट्ट दिसणारा खाडीचा गाळ दोन पावलांत मांडीपर्यंत घेतो, आणि भरती चढत असते हे विसरू नये.

पायरी ३: रंग सोडा, चाल बघा

समोरचा थवा एका जातीचा नसतो. म्हणून पहिला प्रश्न कुळाचा. काठपक्ष्यांची आपल्याकडची दोन मोठी कुळं म्हणजे चिखल्या-टिटव्यांचं कॅरॅड्रिइडी आणि तुतवार, कोरल, मालगुजा, पाणलावे यांचं स्कोलोपॅसिडी. दोन्ही कॅरॅड्रिइफॉर्मिस या एकाच गणात मोडतात, पण त्यांची पोट भरायची पद्धत वेगळी आहे.

तुतवाराच्या कुळातले पक्षी चोचीने चाचपून खातात. चोचीच्या टोकाला संवेदना असते, त्यामुळे ते मान खाली घालून शिवणयंत्रासारखे टोचत टोचत पुढे जातात. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो. त्याचे डोळे डोक्याच्या मानाने मोठे, चोच आखूड. तो सात-आठ पावलं धावतो आणि एकदम थांबतो. थांबला की पूर्ण स्थिर. मग किंचित पुढे वाकून एक टोच, किंवा काहीच नाही आणि पुन्हा धाव.

एका चिखल्यावर दुर्बीण लावून पाच मिनिटं तरी बघा. थांबल्यावर तो गाळाच्या पृष्ठभागावरची हालचाल शोधत असतो. नळीतून किडा जरासा वर आला की झेप, आणि चोचीत त्याचं टोक. इथे तो घाई करत नाही. झटका दिला तर किडा तुटतो आणि अर्धा खाली राहतो. म्हणून तो पाय रोवून, अंग मागे घेऊन, ताण धरून ठेवतो. किड्याची पकड सुटली की आणखी थोडा ओढतो. संपूर्ण किडा बाहेर आला की एका दमात गिळतो आणि पुढच्या धावेला लागतो. हे एकदा पाहिलं की पुढे दोनशे मीटरवरून, रंग दिसत नसतानाही, चिखल्या कोण आणि तुतवार कोण हे चालीवरून सांगता येतं.

‘काठपक्षी’ हा शब्द आपण सोयीने वापरतो, तो वर्गीकरणाचा गट नव्हे. पाण्यात उभा राहणारा प्रत्येक पक्षी या गणातला नसतो. फ्लेमिंगो, बगळे, चमचे हे सगळे वेगळ्या गणांतले. उलट कुरव आणि सुरय हे समुद्रावर उडणारे पक्षी याच गणातले. जामनगरच्या बाजूला दिसणारा क्रॅब प्लोव्हर हा काळा-पांढरा, जाड चोचीचा पक्षी तर नावापुरताच प्लोव्हर आहे. त्याचं कुळ स्वतंत्र, आणि नातं चिखल्यांपेक्षा कुरव-सुरयांच्या बाजूला जास्त जवळचं.

पायरी ४: मान बघा

चिखल्या आहे हे ठरलं. आता मानेच्या मागे पांढरी पट्टी आहे का? असेल तर तो केंटिश चिखल्या किंवा कंठेरी चिखल्यांपैकी कुणीतरी. डोळ्याभोवती पिवळं कडं आणि छातीवर पूर्ण पट्टा असेल तर छोटा कंठेरी. तो नदीकाठी, धरणाच्या गाळातही सर्रास दिसतो. भिगवण किंवा नांदूरमध्यमेश्वरला जाणाऱ्यांच्या तो ओळखीचा असेल. केंटिश लहानखुरा, फिकट, काळ्या बारीक चोचीचा, आणि छातीवरचा पट्टा दोन बाजूंना तुटक.

मानेमागे पांढरं काही नाही, पाठीचा मातकट रंग डोक्यापर्यंत सलग गेलाय, छातीच्या दोन्ही बाजूंना मातकट ठिगळं आहेत, तर तुमच्या समोर वाळू चिखल्या उभा आहे. इथवरची ओळख पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जमते. पुढची जमायला हंगाम जातो.

पायरी ५: धाकटा की मोठा

आपल्या काठावर दोन वाळू चिखल्ये एकत्र चरतात. धाकटा १८ ते २१ सेंटिमीटर, मोठा २२ ते २५. शेजारी उभे असतील तर फरक डोळ्यांत भरतो. एकटा असेल तर आकारावर अजिबात विसंबू नये, रिकाम्या वाळूवर सगळेच मोठे वाटतात.

खात्रीची खूण चोच. पक्षी पूर्ण बाजूने दिसेपर्यंत थांबा. मग मनातल्या मनात चोच उचलून तिच्या मुळापासून डोळ्याच्या दिशेने मागे ठेवा. धाकट्याची चोच डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जेमतेम पोचते किंवा अलीकडेच संपते. मोठ्याची डोळा ओलांडून जाते. धाकट्याची चोच बोथट, मोठ्याची लांब आणि टोकाकडे निमुळती. मोठ्याची पश्चिमेकडे वीण करणारी कोलंबिनस ही उपजाती आखूड चोचीची आहे, त्यामुळे हा नियमही शंभर टक्के नाही.

पायांचा रंग ही दुसरी खूण: धाकट्याचे गडद राखाडी, मोठ्याचे फिकट हिरवट-पिवळसर. पुस्तकं ही खूण ठळक देतात, पण खाडीच्या गाळात चरणाऱ्या पक्ष्याचे पाय गाळाच्याच रंगाचे असतात. पुळणीवर, लाटेने धुतलेले पाय असतील तरच ती वापरावी. तिसरी खूण उडताना: मोठ्याचे पंजे शेपटीच्या बाहेर डोकावतात. ती डोळ्यांनी दिसणं कठीण, फोटोत दिसते. म्हणून कॅमेरा असेल तर एक फोटो बाजूने, एक उडताना. समोरून काढलेला देखणा फोटो ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो.

पायरी ६: आता नावाचा गुंता

तुमच्या पुस्तकात धाकट्याचं नाव लेसर सँड प्लोव्हर, शास्त्रीय नाव कॅरॅड्रियस मंगोलस असं असेल. ॲपमध्ये मात्र तिबेटी सँड प्लोव्हर, अ‍ॅनार्हिंकस अ‍ॅट्रिफ्रॉन्स. पक्षी तोच. इंग्रजी नाव बदललं, जाती (स्पीशीज) बदलली, प्रजातीही (जीनस) बदलली. कसं, ते क्रमाने बघू.

लेसर सँड प्लोव्हरच्या पाच उपजाती मानल्या जात. त्यांचे दोन गट. मंगोलस आणि स्टेगमानी या दोन उपजाती सैबेरियाच्या अतिपूर्वेकडे, कामचात्काच्या बाजूला वीण करतात. अ‍ॅट्रिफ्रॉन्स, पामिरेन्सिस आणि शेफेरी या तिघी हिमालय, तिबेटचं पठार, पामीर आणि तिएनशानच्या उंच माळांवर. लडाखमध्ये त्सो कारच्या काठी, साडेचार हजार मीटर उंचीवर, यांची घरटी असतात. दोन्ही गटांच्या विणीच्या प्रदेशांमध्ये हजारो किलोमीटरचं अंतर. विणीच्या पिसाऱ्यात चेहरेही वेगळे. त्यामुळे या खरं तर दोन जाती असाव्यात ही कुजबुज जुनीच होती.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यात एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. सैबेरियन गटाचं सगळ्यात जवळचं नातं तिबेटी गटाशी नाही, ते मोठ्या वाळू चिखल्याशी निघालं. तिबेटी गट त्या दोघांपासून आधीच वेगळा झालेला. म्हणजे आपण ज्या दोघांना दिसण्यावरून एका जातीत बांधलं होतं, त्यांतला एक तिसऱ्याच्या घरचा. अशा वेळी पर्याय दोनच उरतात: तिघांची मिळून एक जाती करा, नाहीतर तीन वेगळ्या करा. मोठा वाळू चिखल्या वेगळी जाती आहे, याबद्दल कुणाला शंका नव्हती. म्हणून तीन झाल्या. ईबर्ड हे पक्षीनोंदींचं ॲप जगातल्या पक्ष्यांची जी यादी वापरतं, त्या क्लेमेंट्स यादीने २०२३ मध्ये हा बदल स्वीकारला.

मग मंगोलस हे नाव सैबेरियन पक्ष्याकडे का गेलं आणि आपल्याकडचा नव्या नावाचा धनी का झाला? नियम असा की जाती फुटली की जुनं नाव ज्या पक्ष्यांवरून ते मुळात दिलं गेलं, त्यांच्याकडे राहतं. पालास या निसर्गअभ्यासकाने १७७६ मध्ये मंगोलस हे नाव दिलं ते उत्तरेकडच्या पक्ष्यावरून. आपल्याकडे हिवाळ्याला येणाऱ्या गटासाठी वाग्लरने १८२९ मध्ये दिलेलं अ‍ॅट्रिफ्रॉन्स हे नाव होतं, इतकी वर्षं उपजातीच्या जागी बसलेलं. ते वर आलं. मोठ्याचं लेशनॉल्टी हे नाव १८२६ चं, पाँडिचेरीहून नमुने पाठवणाऱ्या लेशनॉल्ट या फ्रेंच निसर्गअभ्यासकावरून. त्याला धक्का लागला नाही.

प्रजाती बदलली ती वेगळ्या कारणाने. कॅरॅड्रियस ही प्रजाती म्हणजे जगभरच्या छोट्या चिखल्यांची मोठी पिशवी झाली होती. जनुकीय अभ्यासांत तिच्यातल्या बऱ्याच जातींची एक फांदी स्वतंत्र निघाली. त्या फांदीवर न्यूझीलंडचा रायबिल हा चमत्कारिक पक्षीही बसलेला आहे, ज्याची चोच कायम उजवीकडे वाकलेली असते. त्याची प्रजाती अ‍ॅनार्हिंकस. म्हणून वाळू चिखल्ये आणि केंटिशही आता अ‍ॅनार्हिंकस. छोटा कंठेरी थिनॉर्निस या तिसऱ्याच प्रजातीत गेला. २०२५ मध्ये जगातल्या पक्ष्यांची ॲव्हीलिस्ट ही एकत्रित यादी आली आहे, त्यामुळे वेगवेगळ्या याद्यांमधली ओढाताण तरी कमी होईल. माझ्या मते नवख्याने प्रजातीच्या नावांचं फार ओझं घेऊ नये. गण, कुळ आणि जाती एवढं पक्कं असलं तरी पुष्कळ.

काठावर याचा उपयोग काय? जानेवारीत, साध्या पिसाऱ्यात, तिबेटी आणि सैबेरियन दुर्बिणीतून वेगळे काढणं जवळपास अशक्य. आपल्या किनाऱ्यावर येणारे तिबेटी, सैबेरियन हिवाळ्याला मुख्यतः आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडे जातात, या भूगोलावरच आपली ओळख उभी असते. डोळ्यांनी खात्री करायची असेल तर मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये जावं. निघायच्या आधी पक्षी विणीचा पिसारा चढवतात. तिबेटी नराचं कपाळ काळं, डोळ्यावरून जाणाऱ्या काळ्या पट्ट्यात मिसळून गेलेलं, आणि गळ्याच्या पांढऱ्या रंगाखाली नारिंगी-तांबूस छाती थेट सुरू होते. सैबेरियनचं कपाळ पांढरं, मधून एक बारीक काळी रेघ, आणि छातीच्या तांबड्या रंगाला वरून काळी किनार. तांबडा रंगही पोटाच्या बाजूंना जास्त पसरलेला. कोकणात पांढऱ्या कपाळाचा दिसलाच तर फोटोशिवाय कुणाला सांगू नका, कुणी मानणार नाही.

परतीचा हंगामही बघण्यासारखा असतो. ऑगस्टच्या सुमारास, पाऊस चालू असतानाच, पहिले प्रौढ पक्षी उतरू लागतात. त्यांच्या अंगावर विझत चाललेला तांबूसपणा अजून शिल्लक असतो. पावसामुळे त्या दिवसांत फारसं कुणी काठावर जात नाही, म्हणून त्या काळच्या नोंदी कमी आणि मोलाच्या.

पायरी ७: नाव नंतर, वर्णन आधी

वहीत किंवा ॲपमध्ये लिहिताना आधी काय दिसलं ते लिहा: चोच डोळ्यापर्यंत की पुढे, पायांचा रंग, कपाळ, सोबत कोण होतं, भरतीची स्थिती. जातीचं नाव शेवटी. ज्यांनी २०१० साली नुसतं ‘लेसर सँड प्लोव्हर, ४०’ लिहिलं, त्यांच्या नोंदी आज भूगोलाच्या भरवशावर नव्या नावात ओढल्या जातात. ज्यांनी ‘एप्रिल, काळं कपाळ’ असं लिहिलं, त्यांच्या नोंदीला नव्या यादीतही स्वतःचा पुरावा आहे. ओळख धाकटा-मोठा इथेच अडली तर ईबर्डवर दोन्हींची सामायिक नोंद करता येते. ती कमीपणाची नाही. उलट थव्यातल्या तीनशेच्या तीनशे पक्ष्यांना एकाच जातीचं नाव देणारी नोंद तपासनीसाला खटकते.

मोजताना दहा पक्षी नीट मोजा, तेवढी जागा नजरेत धरा आणि थव्यावर ती किती वेळा बसते ते बघा. उडत्या थव्यापेक्षा बसलेला थवा मोजणं केव्हाही बरं. पण मोजण्यासाठी, किंवा फोटोसाठी, थवा उठवायचा नाही. एप्रिलमध्ये हे पक्षी हिमालयाच्या दिशेने जाण्यासाठी अंगावर चरबी साठवत असतात आणि प्रत्येक विनाकारण उड्डाणात ती खर्च होते. चरणारे पक्षी मान वर करून तुमच्याकडे बघू लागले, की तिथेच थांबायचं. सोबत कुत्रा नको, ड्रोन तर नकोच.

एखाद्याच्या पायात कडी किंवा रंगीत पट्टी दिसली तर इतर सगळं सोडून तिच्याकडे बघा. कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणता, अक्षरं कोणती. अर्धवट वाचलेली अक्षरंही लिहून ठेवा आणि फोटोसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. मुंबईच्या किनाऱ्यावर त्यांचं पक्ष्यांना कडी घालण्याचं काम चालतं, आणि परदेशात घातलेल्या पट्ट्यांचा माग काढायलाही तेच मदत करतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. नवख्यांना जाणकारांच्या गटाबरोबर काठावर उभं राहायची ती उत्तम संधी, कारण चोचीची लांबी डोळ्याशी ताडून बघायला शेजारी स्कोप आणि हटकणारा माणूस दोन्ही मिळतात.